अठराव्या वर्षानंतरचे शिक्षण

स्वमग्नता हा बालपणापुरता आजार नव्हे. ती मेंदूच्या जडणघडणीतील आजन्म टिकणारी अवस्था आहे. तरीही शाळेचे वय सरले की शिकवणेही बहुधा थांबते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील मोफत शिक्षणाची तरतूदही वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतच आहे. पुढचा भार मुख्यतः पालकांवर पडतो.

वास्तविक प्रौढ वयातही शिकता येते. मात्र पद्धत बदलावी लागते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या 'टीच' उपक्रमाने त्याची दिशा दाखवली. तोंडी सूचना विरून जाते, चित्रांचा वा लिखित तक्ता समोर राहतो. म्हणून काम कोणते, किती, संपणार केव्हा आणि पुढे काय, हे पाहताक्षणी उमगेल अशी मांडणी केली जाते. डावीकडे भरायची १० पाकिटे, उजवीकडे रिकामी टोपली. डावी बाजू रिती झाली की काम संपले. शिक्षकाने हळूहळू मागे सरायचे असते.

प्रौढांपुढे बालगीते ठेवू नयेत. बसप्रवास, पैशांचा हिशेब, स्वयंपाक हाच त्यांचा अभ्यासक्रम. 'आमच्या पश्चात काय?' या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी तरी अशा स्वावलंबनातच दडलेले आहे.