चौकोनी भोकाभोवतीचा दिवस

सकाळचे ९. हाँगकाँगच्या लॅडर स्ट्रीटवरून अप्पर लास्कर रोवर येतो. या गल्लीचं नाव आपल्याकडच्या खलाशांवरून पडलं. ‘लष्कर’ या शब्दाचंच ते इंग्रजी रूप. दुकान उघडून आधी काटा शून्यावर आणतो, मग भिंग पुसतो.

१०. कालच्या चिनी नाण्यांच्या ढिगातून ताईत निवडायचे. चलनी नाण्यावर बहुधा राजाच्या कारकिर्दीचं नाव असतं. ताइतावर मागणं असतं: आयुष्य, धन, मुलगे. काही ताईत मात्र नाण्याचंच नाव लावतात. ‘चौ-युआन थोंगपाओ’ घ्या. ९५५ साली उत्तरकालीन चौ घराण्याच्या सम्राटाने बुद्धमूर्ती वितळवून ही नाणी ओतवली, आणि त्या तांब्याने रोग बरे होतात अशी लोकांची श्रद्धा बसली. पुढे शतकानुशतकं त्याच अक्षरांचे ताईत निघत राहिले. मागे ड्रॅगन आणि फिनिक्स दिसले, की ते नाणं नव्हे.

११.३०. एक आजी येतात. रुमालात सासूच्या पेटीतला पितळी ताईत. चार अक्षरं, ‘वू-त्झ-तंग-ख’: पाचही मुलगे राजपरीक्षा उत्तीर्ण होवोत. ती परीक्षा १९०५ मध्येच बंद झाली, पण शेजारच्या मान मो मंदिरात विद्येच्या देवापुढे मुलं आजही हात जोडतात. अक्षरांआधी मी झीज वाचतो. भोकाची वरची एकच कड गुळगुळीत, बाकीच्या तीन अजून धारदार. म्हणजे हा वर्षानुवर्षं दोऱ्यात लटकलेला.

“गळ्यात कोणाच्या होता, आजी?”

“आमच्या ह्यांच्या, लहानपणी.”

चारशे डॉलर, मी सांगतो. आजी मान हलवतात. विकायचा नाहीच, नातवाची परीक्षा आहे, दोरा कसला घालू एवढंच विचारायचं होतं. लाल, सुती, मी म्हणतो, आणि माझ्याकडचाच ओवून देतो.

२. एक तरुण हिरवागार ताईत घेऊन येतो. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर कापूस हिरवा. खरा कळक धातूतूनच उगवतो, असा पुसून येत नाही. त्याने बरेच पैसे घातले होते. खरं सांगताना जीव तुटला, तरी सांगितलं.

४. पुण्याहून मावसबहिणीचा फोटो. “दादा, कंपनी सरकारचं १८१८ चं नाणं, लाखाचं ना?” एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, दुसरीकडे रामदरबार. असं नाणं कंपनीने पाडलंच नव्हतं. रामटंक्याच्या, म्हणजे पूजेतल्या नाण्याच्या, जातीचं हे टोकन, बाजारात कवडीमोल. “देवघरात ठेव, विकत कोणाला देऊ नकोस आणि घेऊही नकोस,” मी लिहितो.

६. शेवटची डबी सयामच्या जुगारघरांतल्या चिनी मातीच्या टोकनांची. सुट्या पैशांची चणचण होती तेव्हा ती बाजारातही चालली. एकाची झिलई कडेला उडाली आहे, निळं अक्षर अर्धंच उरलंय. तिरप्या उजेडात धरल्यावर उडालेल्या अर्ध्याची रेघ मातीत उमटलेली दिसते. ती कागदावर उतरवून घेतो, टोकन कापसात ठेवतो, आणि शटर ओढतो.