विजेची वाट (लेखांक ७) : फिडर कुठे तोडायचा?

गेल्या आठवड्यात आपण उपकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या फिडरपर्यंत आलो. तिथून पुढे वीज आपल्या गल्लीतल्या रोहित्रापर्यंत कुठल्या वाटेने येते आणि ती वाट बदलली तर काय वाचतं, ते आज पाहू.

शहरातल्या ११ किंवा २२ किलोव्होल्टच्या वाहिन्या नकाशावर जाळ्यासारख्या दिसतात. एका फिडरचं टोक दुसऱ्याच्या टोकाला कुठेतरी भेटलेलं असतं. त्या भेटीच्या जागेवरचा स्विच मात्र एरवी तोडलेला असतो, त्यामुळे चालू फिडर झाडासारखा असतो : एक बुंधा, फांद्या आणि प्रत्येक रोहित्राला वीज यायला एकच वाट. हे मुद्दाम केलेलं असतं. वाट एकच असली की फॉल्टचा प्रवाह एकाच बाजूने येतो, रिले-ब्रेकरची रचना साधी राहते आणि खांबावर चढणाऱ्या जनमित्राला (लाइनमनला) वीज कुठून येतेय हे ठाऊक असतं. मधेच केबल जळाली, तर टोकाचा स्विच जोडून पुढच्या वस्तीला शेजारच्या फिडरवरून बॅकफीड देता येतो.

पण हे स्विच केवळ अडीनडीचे नाहीत. वर्तुळ कुठेतरी तोडावं लागणारच. ते नेमकं कुठे तोडलं, यावर तारा तापवण्यात किती वीज वाया जाते हे ठरतं. (चोरीची गळती वेगळी. इथे फक्त तांत्रिक हानीबद्दल बोलतो आहे.)

तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, सारख्याच तारेचे, सारख्याच लांबीचे दोन फिडर आहेत. एकावर ३०० अँपिअर, दुसऱ्यावर १००. वर्ग केले की ९ आणि १, म्हणजे हानी १० भाग. आता तोडायची जागा सरकवून काही रोहित्रं दुसऱ्या फिडरवर घेतली आणि दोन्हीकडे २०० अँपिअर केले, तर ४ आणि ४, म्हणजे ८ भाग. ग्राहक तेवढेच, वापर तेवढाच, नवी तार एक मीटरही ओढली नाही आणि हानी २० टक्क्यांनी उतरली. खरा भार फिडरभर विखुरलेला असतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ नसतो. दिशा मात्र हीच.

मेसुत बरान आणि फेलिक्स वू यांनी १९८९ साली एक नमुना-जाळं मांडलं. ३३ बिंदू, १२.६६ किलोव्होल्ट, एकूण भार ३,७१५ किलोवॅट, ३२ जोडलेल्या तारा आणि ५ तोडलेले दुवे. मूळ मांडणीत हानी सुमारे २०३ किलोवॅट. पाचपैकी चार दुवे जोडले आणि त्यांच्या बदल्यात दुसरीकडे चार तारा तोडल्या की ती १४० किलोवॅटच्या खाली येते. शिवाय जाळ्यातला सर्वांत कमी दाब ९१.३ वरून जवळपास ९४ टक्क्यांवर जातो. जगभरचे संशोधक आजही आपली पद्धत आधी याच जाळ्यावर तपासून पाहतात.

अवघड आहे ते ही मांडणी शोधणं. याच जाळ्यातल्या ३२ तारा आणि ५ दुवे, अशा ३७ स्विचांच्या चालू-बंद मांडण्या होतात १३,७०० कोटींहून जास्त. त्यातल्या कोणालाही अंधारात न ठेवणाऱ्या आणि वर्तुळही न करणाऱ्या मांडण्या ५०,७५१. संगणकाला हे आज जड नाही, पण खऱ्या शहरात स्विच शेकड्यांनी असतात आणि आकडा आवाक्याबाहेर जातो. या प्रश्नाला पहिल्यांदा गणिती रूप दिलं ते मेर्लिन आणि बॅक यांनी, १९७५ साली. त्यांच्या मार्गाने पुढे रुळलेली युक्ती मला फार आवडते : कागदावर सगळे स्विच जोडायचे, प्रवाह आपोआप कसा वाटला जातो ते पाहायचं, सर्वांत कमी प्रवाहाची तार तोडायची, पुन्हा हिशेब करायचा आणि एकही वर्तुळ उरत नाही तोवर हेच चालू ठेवायचं.

आता कागदावरून खांबाकडे येऊ. आपल्याकडच्या एबी स्विचला वर तीन पाती असतात, खाली हाताच्या उंचीवर लोखंडी हँडल आणि त्याला कुलूप. हा स्विच चालू भारावर ओढायचा नसतो, कारण पात्यांमध्ये आर्क पेटते. आधी उपकेंद्रातला ब्रेकर पाडायचा, मग स्विच ओढायचा, मग ब्रेकर पुन्हा चढवायचा. तेवढा वेळ सगळा फिडर बंद. म्हणून अशा ठिकाणी मांडणी रोज बदलणं शक्य नाही, पण हंगामागणिक बदलता येते : रब्बीत पंपांचा भार वेगळा, पावसाळ्यात वेगळा. भूमिगत केबलवरच्या आरएमयूमधले (रिंग मेन युनिट) स्विच भारावर तोडता येतात आणि मोटर बसवली तर नियंत्रण कक्षातूनही. दिवसा औद्योगिक वसाहत आणि संध्याकाळी घरं, असा भार फिरतो तिथे त्यांचा खरा उपयोग आहे.

एका बाबतीत तडजोड नको. तोडायची जागा बदलली की उपकेंद्रातला नकाशा आणि रिलेची सेटिंग त्याच दिवशी बदलली पाहिजे. जुन्या नकाशावर विसंबून कामाचं परमिट दिलं, तर मेलेली समजलेली तार दुसऱ्या बाजूने जिवंत असते. वाचवलेल्या कुठल्याही युनिटपेक्षा जनमित्राचा जीव मोठा आहे.

वस्ती वाढते, गिरण्यांच्या जागी इमारती येतात, आणि कधीकाळी ठरलेली तोडायची जागा तशीच राहते. ती तपासायला खर्च येतो तो मोजमापाचा आणि अभियंत्याच्या वेळेचा. नव्या वाहिनीच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे. म्हणून नवी वाहिनी मंजूर करण्याआधी हा अभ्यास सक्तीचा हवा, असं माझं मत आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग दर ठरवताना वितरण हानी हिशेबात धरतो आणि दरवाढीच्या याचिकेवर ग्राहकांच्या हरकती-सूचना मागवतो. पुढची जाहीर सूचना निघेल तेव्हा लेखी विचारा : आमच्या भागातले फिडर जिथे तोडले आहेत, त्या जागा शेवटच्या कधी तपासल्या?