घडी पडते ती हिशेबाने

मार्च २००६ मध्ये ‘नेचर’च्या मुखपृष्ठावर हसरे चेहरे झळकले. प्रत्येक चेहरा सुमारे १०० नॅनोमीटर रुंद आणि जेमतेम दोन नॅनोमीटर जाड. ते रंगवलेले नव्हते, कोरलेलेही नव्हते. डीएनएचा एक लांब धागा खारट पाण्यात आपला आपण दुमडला जाऊन ते तयार झाले होते आणि एकेका थेंबात असे अब्जावधी चेहरे होते. लेखाखाली नाव एकच होते : कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पॉल रॉथमंड. पुढे ‘डीएनए ओरिगामी’ या नावाने ही विद्या रूढ झाली. त्या चेहऱ्यांचे कौतुक भरपूर झाले. त्यामागच्या प्रोग्रॅमचे मात्र व्हायला हवे तेवढे झाले नाही असे मला वाटते, कारण या विद्येचा खरा कस प्रयोगशाळेतल्या नळीआधी संगणकावर लागतो.

डीएनए हे बांधकामाचे साहित्य म्हणून वापरता येईल, ही कल्पना नेड सीमन यांची. ते मूळचे स्फटिकशास्त्रज्ञ आणि स्फटिक मनासारखे तयार होत नाहीत म्हणून बेजार झालेले. १९८० मध्ये ऑल्बनीच्या विद्यापीठातल्या पबमध्ये बसलेले असताना त्यांना एशर या डच चित्रकाराचे ‘डेप्थ’ हे चित्र आठवले. त्यात मासे थरावर थर असे शिस्तीत मांडलेले आहेत. प्रत्येक माशाच्या जागी डीएनएचा सहा हातांचा सांधा कल्पिला तर रेणूंची अशीच मांडणी हुकमी करता येईल, असे त्यांच्या मनात आले. १९९१ मध्ये त्यांच्या न्यूयॉर्क विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने डीएनएचा घन करून दाखवला. पण या वाटेने काम फार सावकाश होई. अनेक छोटे धागे शुद्ध करायचे, अगदी मोजून सारख्या प्रमाणात घ्यायचे. एखादा कमी-जास्त झाला की रचना अर्धवट राही.

रॉथमंड यांनी हा पेच वेगळ्या बाजूने सोडवला. जिवाणूंना लागण करणारा एम-१३ नावाचा विषाणू आहे. त्याचा डीएनए एकपदरी आणि वर्तुळाकार असतो. प्रयोगशाळेत वापरात असलेल्या त्याच्या एका प्रकारात ७,२४९ बेस, म्हणजे डीएनएची अक्षरे, आहेत आणि त्यांचा क्रम अक्षरन् अक्षर माहीत आहे. हा झाला मुख्य धागा. तो आकारभर उलटसुलट फिरवायचा आणि दोनशेहून अधिक आखूड धाग्यांनी जागोजागी टाके घालायचे. टाक्याचा एक भाग मुख्य धाग्याच्या एका ठिकाणी जुळतो, दुसरा लांबच्या ठिकाणी; दोन्ही चिकटले की ती ठिकाणे शेजारी येतात. ए समोर टी, जी समोर सी हा एकच नियम. टाके गरजेपेक्षा कितीतरी जास्त टाकले तरी चालते, त्यामुळे मोजमापाची कटकटही गेली.

मग संगणक कशाला? डीएनएला पीळ असतो म्हणून. पिळाचे दोन दोर शेजारी ठेवले तर एका दोराचा विशिष्ट पदर दुसऱ्या दोराला ठरावीक अंतरानेच भिडतो, अधल्यामधल्या जागी तो वर, खाली किंवा मागे असतो. डीएनएत साधारण साडेदहा बेसला एक वेढा पूर्ण होतो आणि एका बेसला ०.३४ नॅनोमीटर लांबी लागते. अशा एका दोरातून, म्हणजे सर्पिलातून, धागा शेजारच्या सर्पिलात न्यायचा, तर तो नेमका भिडण्याच्या जागीच न्यावा लागतो. तिथे चुकले की सगळी रचना ताणली जाते. रॉथमंड यांनी आकार ठरवला, मुख्य धाग्याची वाट आखली आणि टाक्यांच्या जागा व बेसचा क्रम काढण्याचे काम स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवर सोपवले.

सपाट चेहऱ्यापुरते हे निभले. हार्वर्डच्या विल्यम शिह यांच्या गटाला भरीव, त्रिमितीय वस्तू हव्या होत्या. त्यांनी सर्पिलांची षटकोनी जाळी निवडली. तिच्यात प्रत्येक सर्पिलाला तीन शेजारी, एकमेकांपासून १२० अंशांवर. साडेदहा बेसला ३६० अंश, तर सात बेसला बरोबर २४०. म्हणजे दर सात बेसनंतर पदर पुढच्या शेजाऱ्यासमोर येतो आणि २१ बेसनंतर पुन्हा पहिल्यासमोर. हा हिशेब इतका चोख बसतो की पाहताना आनंद होतो. पण डझनावारी सर्पिलांसाठी तो हाताने करत बसणे हे जिवावरचे काम होते. त्याच गटातल्या शॉन डग्लस यांनी सहकाऱ्यांसह त्यासाठी ‘कॅडनॅनो’ हे सॉफ्टवेअर तयार केले. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेही मूळ कोडसह, सर्वांसाठी मोफत. सोबत नमुन्याचे आराखडे आणि शिकवणारे व्हिडिओही दिले होते.

त्याचा पडदा डोळ्यासमोर आणा. एका बाजूला वर्तुळांची जाळी दिसते. हा वस्तूचा आडवा छेद. वर्तुळावर क्लिक केले की तिथे एक सर्पिल उभे राहते. दुसऱ्या बाजूला तेच सर्पिल चौकोनांच्या दोन ओळींत आडवे उलगडते : एक चौकोन म्हणजे एक बेस, एक ओळ म्हणजे एक पदर. जिथून शेजारी ओलांडता येईल त्या जागांवर शेजारच्या सर्पिलाचा क्रमांक उमटतो. मुख्य धागा निळ्या रेषेने सर्व सर्पिलांतून एकसंध फिरवायचा, मग एका बटणावर टाके आपोआप भरतात. पण ते तसेच ठेवता येत नाहीत. कुठे शंभर-दीडशे बेसचा टाका निघतो, कुठे टोकच नसलेले वर्तुळ. ते तोडून साधारण १८ ते ५० बेसच्या मापात आणावे लागतात आणि कुठे तोडायचे हे माणसाचे कौशल्य. शेवटी एम-१३ चा क्रम निळ्या रेषेवर चढवला की प्रत्येक टाक्याची अक्षरे ठरतात. ती यादी एक्सेलमध्ये घ्यायची आणि डीएनए बनवून देणाऱ्या कंपनीला पाठवायची.

पुढचे काम नळीत. मुख्य धागा, टाके आणि मॅग्नेशियमचा क्षार एकत्र करायचे, कारण डीएनएचे ऋणभारित पदर एकमेकांना ढकलतात आणि मॅग्नेशियम त्यांना जवळ नांदू देते. मिश्रण तापवून हळूहळू थंड करायचे. रॉथमंड यांच्या सपाट आकारांना दोन तासही लागले नाहीत, शिह यांच्या भरीव वस्तूंना मात्र आठवडा लागे. २०१२ मध्ये म्युनिकच्या हेंड्रिक डीट्झ यांच्या गटाने दाखवले की योग्य तापमान सापडले तर तेच काम मिनिटांत होते.

याच डीट्झ यांनी २००९ मध्ये शिह व डग्लस यांच्याबरोबर पिळाच्या अडचणीलाच कामाला लावले. काही सर्पिलांत मुद्दाम बेस वाढवले, काहींत कमी केले. वस्तू हुकमी वाकली, ६ नॅनोमीटर त्रिज्येपर्यंत. पण वाकणार किती, हे पडद्यावरच्या सरळ ओळींत दिसत नव्हते. ती उणीव एमआयटीतल्या मार्क बेद यांच्या गटाच्या ‘कॅनडो’ने भरून काढली, पूल-इमारतींवरचा ताण मोजायची अभियंत्यांची गणिती रीत त्यांनी डीएनएला लावली. २०१५ मध्ये स्वीडनच्या ब्योर्न ह्यॉगबर्ग यांच्या गटाने त्रिकोणांच्या जाळीने सशाची आकृती घडवली. धाग्याची वाट काढायला त्यांनी ऑयलरच्या आलेखशास्त्राचा आधार घेतला. पुढच्याच वर्षी बेद यांच्या गटाने ‘डीडॅलस’ आणले : बहुपृष्ठकाचा आकार द्या, टाक्यांची यादी घ्या.

औषधाच्या बाबतीत मात्र मी घाई करणार नाही. २०१२ मध्ये डग्लस आणि त्यांचे सहकारी बाशेलेट व चर्च यांनी दोन कुलपांचे षटकोनी पिंप बनवले. ठरलेले रेणू असलेली पेशी भेटली की कुलपे उघडतात आणि आतला ऐवज बाहेर येतो. आराखडा कॅडनॅनोतच झाला होता. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ते चालले. माणसाच्या शरीरात पोचायची वाट लांब आहे, कारण रक्तातली विकरे डीएनए तोडतात, तिथे मॅग्नेशियम कमी असते आणि टाक्यांचा खर्च मोठा असतो.

पण आराखडा करायला यातले काहीच आड येत नाही. डेव्हिड डॉटी यांच्या गटाने २०२० मध्ये आणलेले ‘स्कॅडनॅनो’ साध्या ब्राउझरमध्ये उघडते, फुकट. या क्षेत्रात भारताचे नावही आहे : बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये यमुना कृष्णन यांच्या गटाने २००९ मध्ये जिवंत पेशीतली आम्लता मोजणारे डीएनएचे यंत्र बनवले. आपल्या महाविद्यालयांतल्या जीवशास्त्राच्या आणि संगणकाच्या शिक्षकांना माझे सांगणे आहे, की दोन्ही वर्गांतली मुले एका पडद्यासमोर बसवा आणि त्यांना सहा सर्पिलांची एक नळी आखायला सांगा. तेवढ्यासाठी एक संगणक आणि इंटरनेट पुरते.