क्रोशाची सुई, मनगट आणि दारातल्या कुंड्या

दुपारची धुणीभांडी उरकली की वस्तीतल्या कितीतरी आयाबहिणी उंबऱ्यात क्रोशाची सुई घेऊन बसतात. कुणी तोरण विणते, कुणी लेकीच्या बाळासाठी टोपडं, कुणी नगावर पैसे मिळतात म्हणून डझनाने रुमाल. ताडीवाला रोड असो की जनता वसाहत, आम्ही रक्तदाब तपासायला बसलो की एक तक्रार हमखास येते: "सिस्टर, रात्री हाताला मुंग्या येतात. लकवा तर नाही ना?"

बहुतेक वेळा तो लकवा नसतो. मनगटातल्या अरुंद बोळातून एक नस पंजात जाते. मनगट तासन्‌तास वाकलेलं राहिलं की तिच्यावर दाब येतो. अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटं बधिर होतात, करंगळी मात्र ठीक असते. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉईडच्या आजारात हे जास्त दिसतं, म्हणून साखर तपासून घ्या. अर्ध्या तासाने सुई खाली ठेवा, पंजा उघडमीट करा. सुईच्या दांड्याला सुती चिंधी गुंडाळून तो जाड करा, पकड सैल राहते. रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा बांधा. हातातून कप निसटू लागला किंवा अंगठ्याच्या बुडाचं मांस सुकू लागलं, तर सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एकाएकी तोंड वाकडं झालं, एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, तर मात्र तो लकवाच समजा आणि त्याच क्षणी १०८ ला फोन करा.

दोरा दातांनी तोडू नका, पुढच्या दातांना खाच पडते. दोरा आणि तोंड म्हटलं की आम्हाला मुंबईच्या गिरण्या आठवतात. तिथे धोट्यातला दोरा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपल्या माणसांच्या थुंकीचा विटाळ होईल म्हणून जास्त मजुरीच्या कापड विणण्याच्या खात्यात त्यांना शिरू देत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. आज आपल्या घरात दोरा आपला आहे, त्याच्यासोबत कात्रीही ठेवा.

"आता दिसत नाही" म्हणून सुई टाकून देणाऱ्या बायका आम्ही पाहतो. चाळिशी लागलेली असते, दुसरं काही नाही. साधा जवळचा चष्मा पुरतो. धूसरपणा वाढतच असेल तर मोतीबिंदू तपासा.

बाळाच्या मोज्यांची एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. आतून सुटलेला दोरा बोटाभोवती आवळला जातो, बोट लालनिळं होतं. बाळ उगाच रडत असेल तर मोजा काढून बोटं बघा. मोजा घालण्याआधी तो उलटा करून दोरे कापा. टोपीला मणी, बटणं नकोत.

आता दारातल्या कुंड्या. डब्यात लावलेली मेथी, कोथिंबीर, पुदिना ही ताजी भाजी आहे, अंगात रक्त कमी असलेल्या मुलींसाठी तर हवीच. तिच्यावर लिंबू पिळा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. पण रंगाचे जुने डबे आणि बॅटरीच्या पेट्या भाजीला वापरू नका, त्यात शिसं असू शकतं. मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू नीट धुऊन, पूर्ण शिजवूनच खा. त्या पाण्यावरची कोथिंबीर कच्ची खाऊ नका.

पावसाळ्यात कुंडीखालची थाळी हा आमच्या डोक्याला सगळ्यात मोठा ताप. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. अंडी भांड्याच्या काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवून थाळ्या, पिंप आणि हंडे काथ्याने घासा. ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या. ब्रुफेन आणि ॲस्पिरिन नको, डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढतो. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, वारंवार उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर घरी थांबू नका.