मजुरीचा दर आणि कामाचे दिवस

१८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी कुर्ल्यातील धरमसी गिरणी विकत घेऊन तिचे नाव ‘स्वदेशी’ ठेवले. मुंबईच्या अशा गिरण्यांनी कोकणातील व घाटावरील असंख्य माणसे शेतातून ओढून घेतली. कारण उघड होते: गिरणीच्या पगारापुढे शेतमजुरी तुटपुंजी होती. आज ‘स्वदेशी’ बंद आहे; परंतु ही तफावत कायम आहे.

ही तफावत कायद्याने किमान मजुरी वाढवून भरून निघेल काय? १९४८ च्या किमान वेतन कायद्यात शेतीचाही समावेश होता. तथापि, मजुराचे उत्पन्न केवळ दरावर अवलंबून नसते. दर आणि कामाचे दिवस यांचा तो गुणाकार होय.

१९७२ च्या दुष्काळात रुजलेल्या रोजगार हमी योजनेचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. १९८८ मध्ये किमान मजुरीबरोबर योजनेचे दरही दुप्पट झाले. कामे मात्र त्या प्रमाणात निघाली नाहीत. मागेल त्याला काम मिळणे कठीण झाले व वाढीचा काही लाभ हातचा गेला.

यावरून दरवाढ अनिष्ट ठरत नाही; ती पेलण्याची तयारी हवी, इतकेच. शेतकरी बंधूंनी पेरणी सरळ ओळीत करावी, म्हणजे कोळपे चालून खुरपणीचा खर्च वाचेल. वाचलेला पैसा व पाणी असेल तेथे रब्बीत भाजीपाला वा चारा घ्यावा. त्यामुळे मजुरास अधिक दिवस काम लाभेल. वाढीव दराला कामाच्या दिवसांची जोड मिळाली, तरच मजुराचे बिऱ्हाड गावात टिकेल.