पडून राहिलेल्या मोटारीचें एंजिन : खोलावें कीं सुरू करावें ?

हिंगोली जिल्ह्यांतील कळमनुरीच्या अथवा वसमतच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या ढेलजेंत प्रीमियर पद्मिनी मोटार वीस वर्षें उभी आहे, अशी कल्पना करावी. कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट ११०० च्या धर्तीवर बनणाऱ्या या गाडीला १९७४ सालीं पद्मिनी हें नांव मिळालें. घरांतील तरुण मंडळी नवी बॅटरी आणतात, कार्ब्युरेटरमध्यें थोडें पेट्रोल सोडतात आणि चावी फिरवितात. एंजिन खोकतें, धूर सोडतें, धडधडूं लागतें आणि सर्वांना धन्य वाटतें. मात्र त्याच अर्ध्या मिनिटांत, डबाभर तेलानें वांचण्याजोगें एंजिन कायमचें बिघडूं शकतें.

गाडी उभी राहिली कीं तेल ओघळून तळाशीं जातें आणि सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात. एंजिन थांबतें तेव्हां कोठला ना कोठला व्हाल्व्ह उघडा राहतो. पावसाळ्याची दमट हवा तेथून शिरते व त्या सिलिंडरला गंज चढतो. अशा भिंतीवरून पिस्टनच्या रिंगा जोरानें घासल्या तर चरे पडतात. पद्मिनीचे व्हाल्व्ह हेडमध्यें असून लांब दांड्यांनीं ते ढकलले जातात. एखादा चिकटलेला असल्यास स्टार्टरच्या पहिल्या झटक्यासच दांडा वांकूं शकतो.

म्हणून पहिला प्रश्न एंजिनाला नव्हे, मालकाला विचारावयाचा : गाडी उभी कां केली ? चालती गाडी केवळ मालकाच्या निधनामुळें अथवा कागदपत्रांच्या कंटाळ्यानें थांबली असेल, तर तें एंजिन जिवंत समजावें. पण आंतून ठोके येत होते, पाणी उकळत होतें, निळा धूर निघत होता म्हणून थांबली असेल, तर दुखणें अद्याप तेथेंच आहे. तें सुरू करून कांहींच साधत नाहीं. हा प्रश्न बहुधा राहूनच जातो. मिस्त्रीला काम दिसतें म्हणून तो खोलूं पाहतो, मालकाला आशा असते म्हणून तो चावी फिरवितो.

मग तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल ताकासारखें पांढुरकें झालें असेल, तर आंत पाणी मिसळलें आहे. पुढें न जातां एंजिन खोलावें. तसें नसल्यास चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्यें पातळ तेल सोडावें व चार दिवस धीर धरावा. नंतर पुलीच्या नटाला पाना लावून एंजिन हातानें हळूहळू फिरवावें. अडलें तर पुन्हां तेल, पुन्हां धीर. गाडी दोरानें ओढून चालू करण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. वरचें झांकण काढून आठही व्हाल्व्ह हलतात कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहावें.

एंजिन मोकळें फिरलें कीं कॉम्प्रेशन मोजावें. येथें आंकडा किती मोठा यापेक्षां चारही आंकडे सारखे आहेत काय, हें महत्त्वाचें. एकच कमी भरला तर त्या सिलिंडरमध्यें चमचाभर तेल घालून पुन्हां मोजावें. आंकडा वाढला तर दोष रिंगांत अथवा भिंतींत. न वाढला तर बहुधा व्हाल्व्हमध्यें. शेजारचे दोन्ही कमी असतील तर हेडचें गॅस्केट गेलें असण्याचा संभव मोठा. व्हाल्व्ह वा गॅस्केट यांसाठीं केवळ हेड उतरविलें कीं पुरतें, ही मधली वाट पुष्कळांना सुचत नाहीं.

सबंध एंजिन खोलून बोअर करण्यांत खर्चाहून मोठी गोष्ट अशी कीं घासून काढलेलें लोखंड परत येत नाहीं. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली आणि चासी, बॉडी वा एंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदतां येते. दुसरें एंजिन बसविण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें.

सुरू करण्याचें ठरल्यास टाकींतलें जुनें पेट्रोल पूर्ण काढावें; त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रें बुजवितो. आजच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व जुनें रबर त्यास टिकत नाहीं. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल तेलांत उतरतें. तेव्हां पडदा व नळ्या आधींच बदलाव्यात. नवें तेल भरून, प्लग बाहेर ठेवूनच, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवावा. मग गाडी ढेलजेंतून अंगणांत ढकलावी, आग विझविण्याचें साधन जवळ ठेवावें आणि चावी फिरवावी. एंजिन चालू झाल्यावर दाब कांहीं क्षणांत दिसला नाहीं, तर तें तत्काळ बंद करावें.