कुत्र्याच्या छत्रीचे नाव काय?

मराठी माणसाने छत्र्यांचे वर्गीकरण फार पूर्वीच उरकून टाकले आहे. खाता येते ती अळंबी. उरलेल्या साऱ्या कुत्र्याच्या छत्र्या! ताटाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात काही उणे नाही. वारुळावरच्या अळंबीची वाट पाहणारा कोकणातला माणूस पाचोळ्यात गुडघे टेकून नखाएवढ्या छत्र्या कशाला न्याहाळीत बसेल? मी मात्र गेली काही वर्षे नेमके तेच करीत आलो आहे. श्रावणात आंबोलीच्या रानात, पाठीवर पाऊस घेत.

त्यांतली एकच छत्री आज वाचकांपुढे ठेवतो. टोपी जेमतेम एक सेंटीमीटरची, रंग ओल्या कुंकवाचा. लहान मुलीच्या परकराला चुण्या घालाव्यात तशा तिला वरून खालपर्यंत चुण्या. खालचे पांढरे पडदे इतके विरळ की बोटांनी मोजून घ्यावेत. दांडा काळा, चकचकीत आणि घोड्याच्या केसासारखा ताठ. तो रोवलेला असतो एखाद्या कुजक्या पानावर. अशी छत्री कागदात गुंडाळून मुक्कामी आणली की तासाभरात तिचा निव्वळ कचरा होतो. पण बशीत चार थेंब पाणी घालून तो कचरा त्यात सोडावा. थोड्याच वेळात चुण्या उलगडतात आणि छत्री पुन्हा उघडते.

या एका गुणावरून एलियास फ्रीस या स्वीडिश पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक स्वतंत्र प्रजाती मांडली आणि तिचे नाव ठेवले मॅरॅस्मिअस. (प्रजाती म्हणजे आडनाव समजा.) मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकणे, झिजणे. कुपोषित मुलांच्या ज्या रोगाला आपण सुकटी म्हणतो, त्याचे डॉक्टरी नावही त्याच शब्दावरून आले आहे. फरक एवढाच की ही सुकटी पाण्याने बरी होते.

"अहो, पण अशा शंभर गोळा केल्या तरी एक घास होईल का?" आमच्या सौ.चा प्रश्न. होणार नाही, हे मी तत्काळ कबूल केले. या छत्र्यांचे काम निराळे आहे. पाने कुजवून त्यांची माती करणे, हा त्यांचा उद्योग.

आडनाव झाले, नावाचे काय? कामीय माँतान्य हे फ्रान्सच्या लष्करातले डॉक्टर. निवृत्तीनंतर ते बुरशी-शेवाळांच्या नादी लागले. ब्राझीलहून आलेल्या अशाच एका छत्रीला त्यांनी १८३७ साली 'हेमॅटोसेफॅलस', म्हणजे रक्तासारख्या डोक्याची, असे नाव दिले. पुढे आफ्रिकेत, सिलोनात, मलायात, जिथे म्हणून लाल चुणीदार छत्री दिसली तिथे हेच नाव वापरले गेले. खरी अडचण इथूनच सुरू होते. ब्राझीलच्या रानातली आणि आंबोलीची छत्री एकच, हे ठरवायचे कशावरून? रंगावर भिस्त ठेवावी तर शेजारच्याच पाचोळ्यात केशरी सापडते, गुलाबीही सापडते.

म्हणून सूक्ष्मदर्शक काढावा लागतो. छत्रीचा सुकलेला तुकडा गाजराच्या फोडीत धरून दाढीच्या पात्याने पापुद्र्याइतका काप घ्यायचा आणि दाहक पोटॅशच्या सौम्य द्रावात फुगवायचा. टोपीची त्वचा पाहावी, तर तिथे जणू उलटे खराटे शेजारी शेजारी उभे! प्रत्येक पेशीच्या डोक्यावर काड्यांचा झुबका. तज्ज्ञ मंडळी या पेशींना खराट्याच्याच नावाने ओळखतात. मग बीजाणू पाहायचे. आपल्या छत्रीचे लांबट, साधारण वीस मायक्रॉनचे. पन्नास ओळीने मांडले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. शेवटी आयोडीनचा द्राव. बटाट्यावर आयोडीन टाकले की तो निळा होतो, हे शाळेत सगळ्यांनी पाहिले आहे. मायसीना नावाच्या नाजूक छत्र्यांचे बीजाणू बहुधा तसेच निळसर होतात; मॅरॅस्मिअसचे होत नाहीत.

या तपासणीत मोठ्या गमती निघतात. उष्ण प्रदेशातल्या पाचोळ्यात काळसर दांड्याची एक पांढरी छत्री असते. वर्षानुवर्षे ती मॅरॅस्मिअसच्याच घरात नांदत होती. पण तिचे बीजाणू पाहिले तर थेट गोखरूचे काटे! १९८७ साली होराक यांनी तिला निराळ्या घरात नेऊन बसवले. त्या घराचे नाव टेट्रापायर्गॉस, म्हणजे चार बुरूज.

हा सगळा रिकामा उद्योग आहे असे कोणाला वाटेल, तर त्याने कोकोच्या मळ्यांची कथा ऐकावी. १९१५ साली सुरिनाममध्ये श्टाहेल यांनी कोकोच्या झाडावरच्या एका चिमुकल्या गुलाबी छत्रीला मॅरॅस्मिअसमध्ये घातले. तिच्यामुळे फांद्यांचे केरसुणीसारखे झुबके होतात आणि फळ हातचे जाते. हीच छत्री १९८९ साली ब्राझीलच्या बाहिया प्रांतात शिरली आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिथले कोकोचे पीक कोसळले. मळेवाले आणि मजूर दोघेही देशोधडीला लागले. दरम्यान तिचे आडनाव एकदा, १९४२ साली, बदलले होते. २००५ साली ते पुन्हा बदलले, कारण डीएनएच्या तपासणीत तिचा सख्खा भाऊबंद सापडला: कोकोच्या शेंगांवर पांढरी भुकटी धरणारी बुरशी. ती छत्री मुळी उगवतच नाही! नुसत्या डोळ्यांनी हे नाते कोणाच्या स्वप्नातही आले नसते. आता एका रोगाविषयी जे कळते त्याचा दुसऱ्याशी पडताळा घेता येतो.

२०१२ सालापासून बुरशीची जात ओळखण्यासाठी डीएनएचा एक ठरावीक तुकडा सर्वमान्य झाला आहे. त्याच्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या आधारे अभ्यासक आता म्हणतात, की हेमॅटोसेफॅलस ही एक जात नव्हे, एकाच नावाखाली नांदणारे गोत आहे. त्यातून नवे नाव वेगळे काढायचे तर नियम कडक आहेत. लॅटिन वर्णनाची सक्ती २०१२ मध्ये सुटली. पण २०१३ पासून नाव अधिकृत नोंदवहीत दाखल करून क्रमांक घ्यावा लागतो, आणि एक नमुना संग्रहात कायमचा ठेवावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असा संग्रह आहे, आजरेकरांच्या नावाचा. वाळवलेल्या बुरशीचे नमुने तिथे जपून ठेवतात, म्हणजे आज कोणी दिलेल्या नावावर उद्याचा माणूस नमुना हातात घेऊन शंका काढू शकतो. ही सोय मला फार सभ्य वाटते.

माझ्या दोन पाकिटांत आंबोलीच्या दोन छत्र्या आहेत. एक कुंकवाच्या रंगाची, रुंद पानांवरची. दुसरी केशरी, बांबूच्या पाचोळ्यातली. ताजेपणीचा रंग, पान, तारीख, वास (दोन्हींना नाही) सारे लिहून ठेवले आहे. सुकल्यावर रंगाचा भरवसा नसतो. दोघींचेही खराटे सारखेच आणि बीजाणूंची मापे एकमेकींत मिसळणारी. तेव्हा दोन्ही पाकिटांवर तूर्त लिहिले आहे: 'मॅरॅस्मिअस हेमॅटोसेफॅलस, व्यापक अर्थाने'. क्रमांक मात्र वेगवेगळे घातले आहेत.